चांगुणाकाकीचा बांध

चांगुणाकाकी भांडखोर होती, असं तिच्या गावचे लोक अजून सांगतात आणि सांगताना हसतात. मला ते हसू आवडत नाही. भांडखोर ती होतीच. पण ती कोणाशी भांडली आणि कशासाठी, हे वगळून नुसतं भांडखोर म्हटलं, की एका माणसाचं सगळं करणं झटकून टाकता येतं. ज्यांनी ते झटकलं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं तेव्हाची गोष्ट. ठाण्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावी मला प्राथमिक शाळेत नेमणूक मिळाली. बाळकुमपासून पुढं पायवाट. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या सखल पट्ट्यात आगरी लोकांची भातशेती. ही जमीन खाडीच्या तोंडातून काढून घेतलेली. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून गावच्या आधीच्या पिढ्यांनी मातीचा लांबलचक बांध घातला होता. त्या बांधात, सगळ्यांत सखल जागी, लाकडी फळ्यांचं एक दार होतं. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ते दार आपसूक उघडे आणि डोंगरावरून आलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जाई. भरती चढली की तिच्याच रेट्यानं ते मिटे. त्याला कुलूप नव्हतं, राखणदार नव्हता.

बांध साऱ्या गावाचा. दिवाळीनंतर भात घरात आलं की प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर मातीच्या कामाला जाई. हे काम ठरवायचं, वाटून द्यायचं आणि करून घ्यायचं, हा मान चांगुणाकाकीच्या सासऱ्याचा, मग नवऱ्याचा. नवरा गेला तेव्हा गावानं विचार करायला बैठक बोलावली. लोक जमेपर्यंत काकी कुदळ घेऊन बांधावर पोचलेली होती. बैठक तिथंच संपली.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच बांधावर. उंच, काळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, गालात तंबाखू. ती चालत नव्हती, टाचा आपटत होती. चार पावलं टाकायची, थांबायची, मान कलती करून ऐकायची, पुन्हा चार पावलं. मला वाटलं, बाईच्या पायाला काही झालं आहे. नंतर समजलं, आतून पोकळ झालेल्या बांधाचा आवाज वेगळा येतो. रोज सकाळी ती अशी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचा आपटत जाई आणि परतताना, कोणाच्या वाट्याचा तुकडा कच्चा आहे, हे त्याच्या दारात उभं राहून ओरडून सांगे. त्या घरी पाहुणे असोत, सोयरीक जुळवायला आलेली माणसं असोत.

ती सगळ्यांना अरेतुरे करी. मी शाळामास्तरीण, ठाण्याच्या बऱ्या घरातली, म्हणून गावातली म्हातारी माणसंही मला ‘बाई’ म्हणत. काकीनं पहिल्याच दिवशी विचारलं, “तू पोरींना शिकवाला आलीस? मंग मातीच्या दिसांत शाला बंद ठेव. पोरी मना लागतात.” मी म्हटलं, “काकी, शाळा बंद ठेवायचा अधिकार मला नाही.” ती म्हणाली, “मंग कोनाला हाय? त्याला इकरं घेऊन ये.”

तो अधिकारी एकदा खरोखरच आला. शाळा तपासायला आलेले साहेब, पायात चकचकीत बूट. खाडी पाहायची म्हणून ते बांधावर चढले, नेमके नव्या ओल्या मातीवर. काकी समोर उभी राहिली.

“बूट काड आदी. मंग काय ता बोल.”

साहेब माझ्याकडे बघू लागले. मला कुठं बघावं कळेना.

“तुज्या बुटाची टाच चिकलात जाते,” काकी म्हणाली. “त्या खड्ड्यान चिंबोरी शिरते. चिंबोरीच्या मागनं पानी येतं. मंग भाताच्या जागी मीठ खाशील काय?”

खेकड्याचं एवढंसं बीळ, त्यातून झिरपणारं पाणी आणि मग वाहून गेलेला बांध. साहेबांनी बूट काढले, हातात धरले आणि पुढची सगळी तपासणी अनवाणी केली. शाळेच्या शेऱ्यात त्यांनी स्वच्छतेबद्दल वाईट लिहिलं.

ती देवी नव्हती. पोरींच्या शाळेवरून ती माझ्याशी दर वर्षी भांडली आणि त्यात चूक तिचीच होती. बांधाच्या बाबतीतही ती कधी चुकली नाही असं नाही. एका वर्षी उगवतीकडच्या वळणाला माती घालायची गरज नाही असं तिनं ठरवलं. तिचा धाकटा दीर नामा हा मातीतला जाणता. तो सांगत होता, वहिनी, तिथली माती सुटलीय. काकीनं ऐकलं नाही. मोठ्या उधाणाला नेमकं तेच वळण फुटलं आणि एका घराच्या शेतात खारं पाणी बसलं. खारं पाणी एकदा बसलं की जमीन लवकर गोडी होत नाही. मारुतीच्या देवळापुढं गाव जमलं. मला वाटलं, आता ही नामालाच झाडणार. ती उभी राहिली आणि म्हणाली, “चुकला माजा. नामा बोलत व्हता ता खरा.” एवढंच. मग त्या घराची जमीन सुधारेपर्यंत ती आपल्या घरातलं भात त्यांच्याकडे पोचवत राहिली. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं ज्या माणसांशी तिची गाठ पडली त्यांच्यात ‘चुकलं माझं’ म्हणणारा एकही निघाला नाही.

बांधाचं जे शहाणपण होतं ते तिचं एकटीचं नव्हतं आणि तसं ती कधी म्हणालीही नाही. चिंबोऱ्या धरणाऱ्या बायकांना बिळं ठाऊक होती, नामाला माती ठाऊक होती, मासे मारणाऱ्यांना खाडीचं वळण ठाऊक होतं. काकीचं काम त्या सगळ्यांना एका जागी आणून कामाला लावायचं. त्यासाठी तो आवाज होता आणि ते भांडणही.

मग सरकारनं बांध ताब्यात घेतला. नवं राज्य होतं, खेड्यांचं भलं करायचं होतं. जुना कच्चा बांध मोडून सरळ, दगडी तोंडाचा पक्का बांध घालायची योजना आली. गावाला आनंदच झाला. काकीलाही झाला, हे मी स्वतः पाहिलं आहे. “दगड मिलतो तर बरा हाय,” ती म्हणाली, “पोरींची कंबर वाचंल.”

शाळेच्या ओसरीवर सभा भरली. तरुण इंजिनिअरसाहेब आले होते, बोलायला नम्र, हसतमुख. त्यांनी नकाशा भिंतीला टांगला. काकी नकाशाजवळ गेली, बोटानं रेघ चाचपून पाहिली आणि विचारलं, “ह्यो बांद सरल कशाला?”

“सरळ बांध लांबीला कमी भरतो, बाई. खर्चही वाचतो.”

“आमचा बांद वाकडा हाय तो आमच्या बापजाद्यांना सरल रेघ मारता येत नव्हती म्हनून नाय. खाडी जिथं जोर मारते तिथं तो मागं सरलाय.”

लोक हसले. साहेबही हसले. मग बांधापुढच्या तिवराच्या बनाचा विषय निघाला. भरतीच्या चिखलात उभी राहणारी ही झाडं योजनेत तोडायची होती. साहेब म्हणाले, त्यात डास होतात आणि सामान आणायला वाट लागते.

“लाट पयली तिवरान शिरते,” काकी म्हणाली, “तिथंच तिचा दम जातो. मंग ती बांदाला निस्ती लागते. तिवर काडलास तर लाट थेट इकरं.”

“बाई, आता दगड आहे ना.”

“आनि उघारी? ही तू कटं दावलीस?”

नव्या नकाशात उघाडी जुन्या जागी नव्हती. कामासाठी होणाऱ्या नव्या रस्त्याजवळ, जरा उंचावर होती, म्हणजे मोटार तिथवर जाईल आणि देखरेख सोपी होईल. लाकडी दाराऐवजी चाकानं वरखाली होणारी लोखंडी झडप. चाकाला कुलूप. किल्ली चौकीदाराजवळ.

काकीनं विचारलं, “डोंगराचं पानी रस्त्याला येतं काय? तुज्या मोटारीला बगाला?”

या वेळी कोणी हसलं नाही. नामा उठला, त्यानं सखल जागा कुठं आणि का ते शांतपणे समजावून सांगितलं. चिंबोऱ्या धरणारी एक म्हातारी बोलली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या, चहा घेतला आणि ते गेले.

सभा आटोपल्यावर मी त्यांना वाटेपर्यंत सोडायला गेले होते. ते जे म्हणाले ते मी विसरू शकत नाही. “बाई, उघाडीचं त्यांचं म्हणणं मला पटतं. पण आराखडा मंजूर झालेला आहे. बदलायचा तर पुन्हा वरपर्यंत जावं लागेल आणि वरचे विचारतील, आधी का नाही पाहिलं? मग काम दुसऱ्या तालुक्यात जाईल.”

त्यांना कळत नव्हतं असं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांना कळत होतं.

तिवर तोडलं गेलं. बांध झाला. दिसायला देखणा होता, हे नाकबूल करता येणार नाही. दोन्ही टोकांना पाट्या लागल्या. बांधाला हात लावणं, माती काढणं वा टाकणं गुन्हा आहे. गाव पिढ्यान्‌पिढ्या जे काम करत आलं होतं ते एका पाटीनं गुन्हा ठरलं. काकी पहिल्या दिवशी सवयीनं टाचा आपटत निघाली तर चौकीदारानं तिला हटकलं. चौकीदार ठाण्याचा, बिचारा भला माणूस, खाडीला घाबरणारा. ती त्याच्याशी भांडली नाही. परत आली आणि माझ्या ओसरीवर बसली. तंबाखू मळत म्हणाली, “तो बोलला, आजी, आता तुमाला तरास नाय. सरकार बगंल.” चिमूट गालात धरून म्हणाली, “चिंबोरीला वाचता येतं काय गं, बाय?”

पहिला पावसाळा हलका गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, डोंगरावर पाऊस धरून बसला. येऊरचे सगळे ओढे शेतात उतरले आणि जुन्या उघाडीच्या जागी, नव्या बांधाच्या भिंतीला येऊन तुंबले. लोखंडी झडप होती उंचावर, पाणी तिच्या खाली. त्यातून ती झडपही बंद. चौकीदार घरी मूल आजारी म्हणून ठाण्याला गेला होता, आणि किल्ली त्याच्याबरोबर. त्याला आणायला पाठवलेला माणूस वाटेतल्या ओढ्यापाशी अडकला. आधी भात बुडालं. मग पाणी सखल आळीत शिरलं. तिथं कातकऱ्यांची घरं, कुडाच्या भिंती. मी शाळेतली मुलं मारुतीच्या देवळाच्या चौथऱ्यावर नेऊन बसवली. एक म्हातारा पलंगासकट उचलून आणला गेला. त्या भिंती विरघळून खाली बसताना मी पाहिल्या.

दुपारी ओहोटी लागली. खाडी उतरत होती, बाहेर चिखल उघडा पडत होता आणि बांधाच्या आत गाव बुडत होतं. मधे फक्त ती देखणी भिंत. काकी देवळापुढं आली. तिच्या हातात पहार होती.

नामा म्हणाला, “वहिनी, तुरुंगात टाकतील.”

“मना टाकतील. तू घरी बस.”

तो घरी बसला नाही. कोणीच बसलं नाही. जुन्या उघाडीची जागा सगळ्यांना डोळे मिटून सापडली असती. दगड उचकटले, खालची माती कापली. पाणी आधी तोंड घालून पाहावं तसं थोडं गेलं आणि मग जे सुटलं त्याचा आवाज देवळापर्यंत आला. मुलं चौथऱ्यावर उभी राहून ओरडायला लागली. सखल आळीतल्या उरलेल्या भिंतींवर पाण्याची ओली रेघ दिसू लागली, ती पाण्यापासून वर वर राहत गेली.

पण मोठं काम पुढंच होतं. भरती यायच्या आत ते तोंड बुजवायचं होतं, नाहीतर खाडी आत आली असती. बांबू, पेंढा, चिखल, घरातल्या जुन्या गोधड्या, काय मिळेल ते. बायका साखळी करून माती देत होत्या. माझ्याही हातातून मातीच्या पाट्या गेल्या. काकी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून शिव्या देत होती. प्रत्येकाला नावानिशी, त्याच्या बापाच्या नावासकट. भरती येऊन टेकली तेव्हा तोंड बंद होतं. मुख्य म्हणजे ते टिकलं. त्या दिवशी गावात एकही माणूस गेला नाही.

चार दिवसांनी पोलीस आले.

सरकारी मालमत्तेची मोडतोड. काकीवर आणि नामासकट काही पुरुषांवर खटला झाला. ठाण्याच्या कोर्टात मी गेले होते. इंजिनिअरसाहेब साक्षीला आले. त्यांना विचारलं, बांध सुस्थितीत होता का? ते म्हणाले, “होय, मंजूर आराखड्याप्रमाणे होता.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र त्यांच्याकडेच पाहत होते.

न्यायाधीशांनी काकीला विचारलं, “बांध तोडल्याचं तुम्हांला कबूल आहे?”

“तोडला. आनि बांदला पन. ता बी लिवून घे.”

वकिलांच्या बाकावर हशा झाला. शिपायानं तिला ‘साहेबांना अहोजाहो करा’ म्हणून दटावलं.

“ज्यानं तोडला त्याला पकडलास,” ती म्हणाली. “ज्यानं पान्याच्या आड बांदला तो कटं हाय? तो बग, खुर्चीवर बसलाय.”

न्यायाधीश वाईट नव्हते. त्यांनी सगळ्यांना कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली आणि समज दिली, की पुन्हा असं करू नये, रीतसर अर्ज करावा. बुडणाऱ्या गावानं रीतसर अर्ज करावा! काकी दिवसभर कोर्टाच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून राहिली. दुपारी तिनं फडकं सोडून भाकरी आणि सुकट खाल्ली. त्या वासानं एक वकील नाकाला रुमाल लावून उठून गेला. मला रडू येत होतं. ती म्हणाली, “रडतस कशाला? बसाला तर सांगितलाय.”

पुढच्या उन्हाळ्यात नवी उघाडी बांधली गेली. कुठं? जिथं काकीनं पहार घातली होती, तिथंच. सिमेंटची, मजबूत, दार मात्र जुन्यासारखंच, भरतीनं मिटणारं आणि ओहोटीनं उघडणारं. बाजूला संगमरवरी दगड. त्यावर उद्‌घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं नाव, अधिकाऱ्यांची नावं. इंजिनिअरसाहेबांचंही होतं, त्यांना बढती मिळाली होती. गावातलं एकही नाव नव्हतं. भाषणात सांगितलं गेलं, की तज्ज्ञांनी परिस्थितीचा बारकाईनं अभ्यास करून ही योजना सुधारली. टाळ्या झाल्या. पाहुण्यांना बसायला सतरंजी कमी पडली, ती काकीच्या घरून मागून नेली. तिला बोलावणं नव्हतं.

मी संध्याकाळी रागानंच तिच्याकडे गेले. “काकी, सतरंजी दिलीतच कशी?”

ती भात निवडत होती. “बसू दे गं. उघारी जाग्यावर आली नं?”

“आणि दगडावर नाव त्यांचं?”

“दगडाचं काय करू? भाकरी थापू त्यावर?” मग तिचा आवाज चढला, पण दगडासाठी नाही. “तिवर कोन लावनार ता सांग. एकानं तरी नाव काडलं काय तिवराचं?”

त्या पावसाळ्याच्या अखेरीला ती आणि चिंबोऱ्यावाल्या बायका तिवराच्या शेंगा गोळा करून बांधापुढच्या चिखलात खोचत होत्या. पाटी अजून तिथंच होती. चौकीदार त्या वेळी पाठ फिरवून विडी ओढत बसे.

माझी बदली कल्याणला झाली. गावाशी संबंध तुटला. काही वर्षांनी, मोहन्याकडच्या रस्त्यावर नवी चाळ उठत होती तिथून जाताना मला ओळखीचा आवाज ऐकू आला. चाळीमागच्या ओढ्यात मजूर दगडमाती ओतत होते, जागा सपाट करायला. आणि काकी त्या ओढ्यात उतरली होती. केस पांढरे झालेले, पाठीला बाक आलेला. लेक तिथं दिली होती म्हणे, तिच्याकडे आली होती. मजूर वरून पाटी ओतत आणि काकी खालून दगड उचलून बाजूला टाकत होती, एकेक करून. तोंड चालूच होतं.

मुकादम वैतागून पुढं झाला. “आजी, तुमचा काय संबंध? तुम्ही इथल्या आहात का?”

“मी नाय इथली,” काकी म्हणाली. “पानी इथलं हाय.”

मजूर हसायला लागले. मुकादमानं खांदे उडवले आणि पुढची पाटी ओतायला सांगितली. मी हाक मारली. तिनं वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला, मला ओळखलं. “आलीस, बाय?” ती म्हणाली. “पदर खोच आनि हा मोठा दगड धर त्या अंगानं. मना एकटीला हलत नाय.”